शिमग्यात बोललेलं

पिंपळखोऱ्यात तोंड उघडायला वर्षातून एकच दिवस मोकळा होता. होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, गावातले बाप्ये हलगी घेऊन निघायचे, एकेका दारात थांबायचे, तोंडावर पालथा हात मारून बोंब ठोकायचे आणि त्या घरच्या कर्त्या माणसाला त्याच्या सात पिढ्यांसकट मनात येईल ते ऐकवायचे. ऐकणाऱ्यानं उंबऱ्यात उभं राहून हसायचं, एवढाच नियम. ज्याला राग आला तो हरला. त्यानं गावाला बोकड द्यायचा. दिवस मावळता आंघोळी झाल्या की सगळं माफ.

आणि बाकीचं वर्ष? बाकीचं वर्ष सगळं गाव तोंडाला कुलूप लावून. गावचे पोलीस पाटील आप्पासाहेब ओट्यावर बसून म्हणाले की यंदा पाऊस बरा झाला, की बरा झाला; मग भले तुमच्या कोरड्या विहिरीत बेडूक मरून पडलेला असो. त्यांच्या थोरल्या पोरानं, रामकिसननं, कुणाच्या बाईची वाट अडवली, कुणाचं जनावर सोडून नेलं, तर लोक म्हणायचे, "पोरगं हाय, आंगात रग हाय." पोरगं कसलं! तिशी उलटलेला घोडा होता तो, मिशीला तूप लावणारा.

आवडाबाईला मात्र त्याचं काही वाटत नव्हतं. ती गप्प राहण्यातच वाढली होती. निजामाच्या शेवटच्या दिवसांत बाजाराच्या नाक्यावर रझाकारांनी तिच्या बापाला अडवून काहीतरी विचारलं. बापानं सरळ उत्तर दिलं. एकच वाक्य. त्याच जागी, मेथीच्या पाटीवर, त्याचं डोकं फोडलं. आईनं पोरींना जवळ घेऊन सांगितलं, "आपुन बगितलं नाय, आपुन ऐकलं नाय." पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, रझाकार पळाले, त्यालाही आता पंधरा-सोळा वर्षं होऊन गेली, पण आईचं ते बोलणं आवडाबाईच्या अंगात मुरलं ते मुरलंच. घरात ती तोफ होती. नवऱ्याला, बन्सीला, चार शब्द सुनावल्याशिवाय ती ताट वाढत नव्हती. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तीच बाई "व्हय बाई", "आसंल बाई", "देवाला ठावं बाई". बन्सी तर घरातही मुका आणि बाहेरही मुका. मूलबाळ नव्हतं. जमीन शिवेवर होती, विहीर पाण्याची होती आणि विहिरीपलीकडं एक जुनी कोरडी बारव होती, पायऱ्या ढासळलेली.

त्या साली माघात केरबा धनगर मेंढरं घेऊन आला. रानं मोकळी झाली की धनगर यायचे, शेतकरी त्यांना आपल्या शेतात बसवायचा. शेताला लेंडीखत मिळायचं, धनगराला ज्वारी. बन्सीच्या पडीक तुकड्यात केरबानं जाळीचं कुंपण ठोकलं. संगं बायको बानाबाई आणि एक तांबडा कुत्रा. माणूस कष्टाळू, हसरा, कुणाच्या बांधाला मेंढरू लागू न देणारा. त्याला खोड एकच होती. विचारलं त्याचं तो खरं उत्तर द्यायचा. "काय केरबा, आमच्या गावचं पानी कसं वाटलं?" असं कुणी कौतुकानं विचारावं, तर हा म्हणायचा, "खारट हाय." लोकांना हसू यायचं. आवडाबाईला भीती वाटायची.

एका दुपारी रामकिसन दोन गड्यांना घेऊन बन्सीच्या रानात आला. पाटलाच्या घरी पाहुणे उतरले होते. बानाबाई दौलताबादला बाजारासाठी गेलेली, कुत्राही तिच्यामागं, केरबा एकटाच होता. रामकिसननं कळपातला सगळ्यात मोठा मेंढा हेरला, त्याच्या गळ्यात दोरी घातली आणि ओढायला लागला. विचारणं नाही, पुसणं नाही.

केरबा म्हणाला, "सोड त्याला. नाय देनार."

रामकिसन थांबला. जन्मात त्याला कुणी 'नाय' म्हटलं नव्हतं. "काय म्हनलास?"

"नाय देनार म्हनलो. मेंढा माजा हाय. मागितला आसता तर दिला आसता. आता नाय."

रामकिसनच्या खांद्यावर कुऱ्हाड होती. त्यानं ती उलटी धरली आणि तिचा बोथट माथा केरबाच्या कानशिलावर हाणला. केरबा गुडघ्यावर आला. दुसरा घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज पलीकडं तुराट्यांच्या गंजीपर्यंत गेला. त्या गंजीमागं बन्सी आणि आवडाबाई भाकरी खात बसले होते. बन्सी ताडकन उठला. आवडाबाईनं त्याला धोतराला धरून खाली पाडलं, त्याच्या छातीवर गुडघा दिला आणि तो ओरडायच्या आत पदराचा बोळा करून त्याच्या तोंडात कोंबला. "गप. पाया पडते, गप ऱ्हावा."

गड्यांनी केरबाला पायाला धरून बारवेकडं फरफटत नेलं आणि आत लोटलं. तो मेला नव्हता. आतून त्याचा आवाज येत होता, "पानी... बाबा, पानी दे." रामकिसननं काठावरचा पहिला दगड पायानं ढकलला. मग गड्यांनी. दगड पडत होते, मधूनमधून तो आवाज येत होता, आणि आवडाबाई नवऱ्याच्या उरावर बसून मनात म्हणत होती, मर रे बाबा, लवकर मर. बऱ्याच वेळानं आवाज थांबला. रामकिसननं हात झटकले, मेंढा दोरीला धरला आणि तो गावात गेला. पाटलाच्या पाहुण्यांनी त्या दिवशी रस्सा वाटीवर वाटी ओरपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बानाबाई घागर घेऊन विहिरीवर आली.

"आक्का, आमचं मालक दिसलं का वं?"

"नाय बाई," आवडाबाई म्हणाली. "बाजाराला गेलं आसतील."

"मेंढरं टाकून?"

"बाप्यांचं काय सांगावं बाई. येतील."

आणि मग दोघी बोलत बसल्या. काय बोलल्या? उन्हाचं बोलल्या. शेंगदाण्याचं बोलल्या. बानाबाईनं विचारलं की गुडघे दुखतात त्याला काय लावता, आवडाबाईनं एरंडाचं पान सांगितलं. असं रोज. रोज सकाळी तोच सवाल, रोज तोच जवाब, आणि मग इकडच्या तिकडच्या गोष्टी. एकदा आवडाबाईच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला तर बानाबाईनं तिचा पाय मांडीवर घेऊन सुईनं तो काढला, वर थुंकी लावली. आवडाबाईला वाटलं, हिनं आता तीच सुई आपल्या डोळ्यात खुपसली तरी आपण काही म्हणू नये. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "हात हलका हाय बाई तुजा."

पाटलानं गावात हूल उठवली की केरबा कुठल्याशा बाईचा हात धरून जालन्याकडं पळाला. बायका पाणवठ्यावर बानाबाईची कीव करायला लागल्या. एवढ्यात बारवेतून वास यायला लागला. रामकिसननं दुसऱ्याच दिवशी एक मेलेलं वासरू वरून टाकून दिलं. झालं! वासाला कारण मिळालं. बानाबाई विहिरीवर नाक वर करून म्हणाली, "आक्का, वास लई येतुया."

"वासरू टाकलंय कुनीतरी," आवडाबाई म्हणाली. "पदर लाव नाकाला."

घरात बन्सीचं अन्न तुटलं. घास तोंडात घेतला की ओकारी यायची. म्हणायचा, "तोंडात तुजा पदर लागतोय." आवडाबाई त्याच्यावर खेकसायची आणि मग चुलीकडं तोंड करून रडायची.

"सांगू दे मला," तो म्हणायचा. "आवडे, तिला तरी सांगू दे."

"सांगा! सांगा आन् मरा. मला रांडमुंड करा आन् मग बसा वर जाऊन सुकानं."

होळीला चार दिवस उरले तेव्हा बन्सी आपणहून जेवायला बसला. अर्धी भाकर त्यानं खाल्ली. म्हणाला, "धुळवडीला बोलतो."

"काय?"

"धुळवडीला बोललेलं माफ आसतं. पाटलाच्या दारात, समद्या गावासमोर बोलतो. रामकिसनला राग धरता यायचा नाय. आन् गावानं ऐकल्यावर बानाबाईपातूर जाईलच की. आपुन नाय सांगितलं, गावानं सांगितलं."

आता ह्याला काय म्हणावं? दुसऱ्या कुठल्या मुलखातला माणूस असता तर असं त्याच्या डोक्यातही आलं नसतं. पण पिंपळखोऱ्यात जन्म काढलेल्या बन्सीला ते एखाद्या कायद्यासारखं भक्कम वाटलं. आणि दुःख हे की आवडाबाईलाही वाटलं. तेवढ्या गलक्यात एकदाचं ओकून टाकू दे, छाती मोकळी होईल, चार घास पोटात जातील, असा तिनं विचार केला. एरवी त्याला पाण्याला जाऊ देताना दहा वेळा बजावणारी बाई, त्या दिवशी तिनं त्याला पागोटं बांधून दिलं.

धुळवडीला ऊन रणरणत होतं. बाप्ये राखेनं आणि रंगानं माखलेले, डोळे तेवढे पांढरे. हलगी कडाडत होती. पाटलाच्या दारात सगळं गाव जमलं. बायका समोरच्या ओट्यांवर, पोरं धाब्याच्या छतांवर. आप्पासाहेब उंबऱ्यात उभे राहिले, शेजारी रामकिसन, दोघंही हसायला तयार. बोंब उठली. पाटलाच्या आईचं निघालं, आजीचं निघालं, पाटलाच्या पोटाचं आणि घोरण्याचं निघालं, आणि पाटील पोट धरून हसत होते.

मग बन्सी पुढं झाला. लोकांना नवलच वाटलं. "अरं, बन्सीतात्याला तोंड हाय व्हय!" म्हणून कुणीतरी शीळ घातली. बन्सीनं तोंडावर हात मारून बोंब ठोकली आणि ओरडला,

"आप्पासाहेब! तुज्या रामकिसननं केरबाला मारलं रं! बारवेत पुरलाय! वर वासरू टाकलंय रं!"

हलगी क्षणभर चुकली. आवडाबाई समोरच्या ओट्यावर होती. तिला गावाचे सगळे चेहरे दिसले. प्रत्येकाला ठाऊक होतं. वास सगळ्यांच्याच नाकात गेला होता. आणि मग आप्पासाहेब हसले. असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. "वा रं पठ्ठ्या! बन्सी, यंदाची सगळ्यात जबर शिवी तुजी!" आणि गाव हसलं. सगळं गाव, सुटका झाल्यागत. ज्याच्या मनात ते जास्त सलत होतं तोच जास्त हसला. बन्सी वेड्यासारखा हात हलवत होता, "शिवी नाय रं, खरं हाय, खरं हाय!" तसतसा हशा वाढत होता.

रामकिसनही हसत होता. हसत हसत तो उंबरा उतरला, बन्सीच्या गळ्यात हात टाकला. "तात्या, लई घान बोललं तुमी. चला, तुमचं तोंड धुवू." धुळवडीला माणसाला उचलून गुरांच्या हौदात बुचकळायचा रिवाजच होता, सकाळपासून चौघे-पाच जण बुचकळून झाले होते. दोन गड्यांनी बन्सीला उचललं. तेच दोन गडी. हौद पाटलाच्या वाड्याच्या कडेलाच होता, रंगानं लाल झालेला. बन्सीला पालथा आत टाकला आणि रामकिसन त्याच्या पाठीवर बसला, मानेवर हात ठेवून.

लोक टाळ्या पिटत होते. बन्सीचे पाय हौदाच्या भिंतीवर आपटत होते. एकदा त्यानं तोंड वर काढलं, घशातून कसलासा आवाज आला, रामकिसननं त्याचे केस धरून ते हौदाच्या कडेवर आदळलं. दात तुटले ते आवडाबाईला दिसले. पुन्हा तोंड खाली. लाल पाण्यात रक्त कुठलं आणि रंग कुठला, कुणाला कळणार?

आवडाबाई ओट्यावरून खाली उडी मारून पळाली. धावता धावता तिनं बोंब मारली, जिवाच्या आकांतानं, देठापासून. जन्मात पहिल्यांदा. "मारलं रं! माज्या मालकाला मारलं!" आणि सगळीकडून बोंबाच उठत होत्या. शेजारची द्वारकाबाई खिदळत म्हणाली, "अगं बया, आवडाबाईनंबी बोंब ठोकली!" बायकांनी तिला धरलं, तिच्या तोंडाला राख फासली, तिला गोल फिरवली. तिनं चावा घेतला, ओरबाडलं, एकीच्या नाकावर डोकं हाणलं. ती सुटून हौदाशी पोचली तेव्हा रामकिसन उठून धोतर पिळत होता. बन्सी पालथाच होता. पाय हलत नव्हते.

नाकातोंडात पाणी गेलं, असं ठरलं. सणाच्या दिवशी वाईट झालं, असंही ठरलं. आप्पासाहेबांनी तिरडीला स्वतः खांदा दिला. दारातली शिवी रामकिसननं सगळ्यांदेखत हसून घेतली होती, त्याला काही राग आला नव्हता. त्यामुळं बोकड द्यायचाही प्रश्न आला नाही.

दुसऱ्या दिवशी आवडाबाई द्वारकाबाईच्या दारात गेली. कपाळ पांढरं, हात मोकळे.

"द्वारके, तू बगितलंस. तो पाठीवर बसला व्हता. तू माज्या शेजारी व्हतीस."

द्वारकाबाई तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. "माज्या डोळ्यात राख गेली व्हती बाई."

आवडाबाई पुढं मनकर्णाबाईकडं गेली. ती तिची लांबची नणंद. मनकर्णाबाईनं तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "पाय घसरला आसंल. बाप्यांचं काय सांगावं बाई. तू दोन घास खा." मग तिनं विचारलं की तुराट्या अजून रानातच आहेत का. आवडाबाईच्या कानाखाली कुणी जाळ काढावा तसं झालं. हे तिचेच शब्द होते. हाच सूर, हीच माया. ती दार उघडं टाकून निघाली आणि थेट पडीक रानात गेली.

बानाबाई मेंढीच्या पायातला किडा काढत होती. आवडाबाई तिच्यासमोर उभी राहिली आणि दम न घेता बोलली. "तुज्या मालकाला रामकिसननं मारलं. कुऱ्हाडीनं. बारवेत हाय. वासरू त्यानंच टाकलं. म्या बगितलं."

बानाबाईनं मेंढीचा पाय सोडला नाही. "ठावं हाय," ती म्हणाली. "कुत्र्यानं पयल्याच दिशी दाखवलं."

"मग रोज मला कामून इचारत व्हतीस?"

"ठान्यावर माजा दीर मल्हारराव जाऊन आला. ते म्हनले, बगितलेलं मानूस आन. दगड मी एकटीनंबी उचलले आसते, आक्का. मग पाटील म्हनला आसता, हिनंच मारलाय. बगितलेलं मानूस पायजे व्हतं." तिनं पहिल्यांदा आवडाबाईच्या कपाळाकडं पाहिलं. "तुमचं रान. तुमी दोगं त्या दिशी रानात व्हता. म्हनून रोज इचारत व्हते. वाटायचं, आज म्हनंल, उद्या म्हनंल."

बानाबाईनंच तिला दंडाला धरलं, आणि तसंच धरून दोघी ठाण्याच्या वाटेला लागल्या. वाटेत आवडाबाईनं सगळं सांगितलं. फक्त तिनं हे सांगितलं नाही की केरबा आत जिवंत होता. "येका घावात गेला," ती म्हणाली. "त्याला काय कळलंबी नाय." बानाबाईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "तेवढं तरी बरं झालं." त्या एका खोट्यावर ती बाई बाकीची वाट चालली.

फौजदार दुसऱ्या दिवशी शिपाई घेऊन आले. तरणा माणूस, औरंगाबादेहून नवाच बदलून आलेला. आप्पासाहेबांनी चहाचं विचारलं, त्यांनी नको म्हटलं आणि सरळ बारवेवर गेले. मागोमाग सगळं गाव. शिपायांनी वासराचे अवशेष बाजूला केले, वरचे थोडे दगड काढले, तेव्हा घोंगडीचं टोक दिसलं. बानाबाईनं आवडाबाईचा दंड आवळला.

रामकिसन पुढं झाला. आता तो हसत नव्हता, पण डोकं त्याचं चालत होतं. "सायेब, खोटं कामून बोलू? आमची बाचाबाची झाली. त्यो मागं सरकता सरकता बारवेत पडला. डोकं फुटून जागीच मेला. आमी घाबरलो, म्हनून दगड टाकले."

"पोरं हायेत साहेब," आप्पासाहेब म्हणाले. "घाबरली. चूक झाली, खून न्हवं."

फौजदारांनी गावाकडं पाहिलं. गाव जमिनीकडं बघत होतं. मग ते आवडाबाईकडं वळले. "बाई, तुम्ही काय पाहिलं? तो आत पडला तेव्हा जिवंत होता का?"

सगळं तिथंच येऊन अडलं. ती 'नाय' म्हणाली असती तर रामकिसन सुटला असता. ती 'व्हय' म्हणाली तर बानाबाई ऐकणार होती. बानाबाईचा हात तिच्या दंडावर होता, ऊबदार. गेल्या दोन दिवसांत ह्या जगात तिला धरलेला तेवढा एकच हात. 'मला नीट दिसलं नाय' असं म्हणून सुटायचीही सोय होती. ते वाक्य तिच्या जिभेवर तयारच होतं, जन्मभर तेच तर वापरलं होतं. तिला हौद दिसला. बन्सीचे पाय दिसले.

"जित्ता व्हता," आवडाबाई म्हणाली. "पानी मागत व्हता. ह्यानं पयला दगड पायानं ढकलला, मग त्या दोगांनी. पानी, पानी म्हनत व्हता आन् हे दगड लोटत व्हते. लई येळ मागत व्हता." तिचा आवाज चढला, गावाच्या शेवटच्या माणसापर्यंत गेला. "माजा मालक उठला व्हता. त्यो धावला आसता, वरडला आसता, बाजूच्या रानातली मानसं आली आसती. म्या त्याला खाली पाडलं. म्या त्याच्या तोंडात पदर कोंबला. केरबा बोंबलत व्हता आन् मी मनात म्हनत व्हते, मर लवकर. लिवा सायेब. माजंबी नाव लिवा."

दंडावरचा हात निघाला.

बानाबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग तिच्या तोंडावर मारलं, उघड्या हातानं, मग मुठीनं, मग दोन्ही मुठींनी. आवडाबाई खाली पडली. बानाबाईनं तिला लाथ घातली, केसाला धरून उभी केली आणि पुन्हा मारली. "पानी मागत व्हता! आन् तू मला एरंडाचं पान सांगत व्हतीस! मला म्हनली, येका घावात गेला!" शिपाई धावले. आवडाबाईचा ओठ फाटला होता, रक्त हनुवटीवरून गळत होतं, ती शिपायांना म्हणाली, "धरू नका तिला."

बानाबाईनं काठावरचा एक दगड उचलला, डोक्याएवढा. तो दोन्ही हातांनी वर धरून ती उभी राहिली. फौजदार ओरडले. रामकिसनला दोरी बांधत होते तेही थांबले. आवडाबाई खाली बसूनच होती, मान पुढं करून. तिनं हात आडवा घातला नाही.

दगड बाजूला पडला. बानाबाईनं तिला मानगुटीला धरलं आणि बारवेच्या तोंडाशी ओढत नेलं.

"उतर," ती म्हणाली. "उचल."

शिपायांपैकी एक जण बाही सरसावून खाली उतरायला लागला. बानाबाईनं मेंढरांची काठी उचलून त्याच्यापुढं आडवी धरली. "कुनी हात लावायचा नाय. पोलिसानं नाय, गावानं नाय. हीच काढंल."

फौजदारांनी शिपायाला हातानं मागं बोलावलं. आवडाबाई ढासळलेल्या पायऱ्यांवरून बसत बसत खाली गेली. वास असा होता की डोळे झोंबत होते. तिनं पहिला दगड छातीशी धरून उचलला आणि बाजूला टाकला. मग दुसरा. वर गाव उभं होतं, रामकिसन दोरीत बांधलेला उभा होता, आप्पासाहेब पागोटं हातात घेऊन उभे होते. तिची नखं उलटली, बोटं सोलली, एक दगड पायावर पडला. ती काढत राहिली. आधी घोंगडी निघाली, मग हात, मग चेहरा म्हणून जे काही उरलं होतं ते. तोंड वासलेलं होतं आणि मातीनं गच्च भरलं होतं. आवडाबाईनं आपल्या रक्ताळलेल्या बोटानं त्यातली माती काढायला सुरुवात केली, थोडी थोडी, आणि मध्येच तिला हुंदका फुटून तिचा हात थांबला.

वर काठावर बसलेली बानाबाई म्हणाली, "थांबू नको. समदी काढ."